कांद्याच्या पापुद्र्यातले हिरवे प्रथिन

आज सोलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत, मार्केट यार्डातून आणलेल्या कांद्याच्या पापुद्र्यात चमकणारे हिरवे प्रथिन (जीएफपी, म्हणजे बाहेरून जनुक घालून पेशीत बनवून घेतलेले, प्रकाश पडताच हिरवे चमकणारे प्रथिन) विद्यार्थ्यांना दाखवले. साधे प्रथिन पेशीद्रव्यात पसरले होते आणि जेमतेम 27 किलोडाल्टनचे, म्हणजे लहान, असल्याने केंद्रकातही शिरले होते. मात्र त्याच्या आरंभी संकेत-पेप्टाइड (प्रथिनाला आंतर्द्रव्यजालिकेची वाट दाखवणारा छोटा तुकडा) आणि शेवटी लायसिन, अस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल व ल्युसिन ही चारच अमिनो आम्ले जोडलेल्या नमुन्यात ते आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यात, थांबले होते आणि तिची नाजूक जाळी पेशीभर उजळली होती. शेवटची ही चार आम्ले नसती, तर ते प्रथिने पुढे रवाना करणाऱ्या गॉल्गी संकुलातून पेशीबाहेर गेले असते.

प्रथिन कोठे स्थिरावते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. गॉशे रोगावरचे (विकराच्या कमतरतेमुळे पेशींत मेद साचण्याचा आनुवंशिक रोग), 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टॅलिग्लुसरेज अल्फा हे विकर (एन्झाइम) गाजराच्या पेशींत मुद्दाम रिक्तिकेकडे, म्हणजे पेशीतील रसाने भरलेल्या पोकळीकडे, धाडले जाते, कारण तेथे त्याच्या शर्करासाखळ्या छाटल्या जाऊन मॅनोज ही शर्करा उघडी पडते आणि रुग्णाच्या भक्षक पेशी ती ओळखून विकर आत घेतात. ही योजना मला विलक्षण सुंदर वाटते. हिरवे प्रथिन मात्र रिक्तिकेतील आम्लतेत, विशेषतः उजेडात, लवकर नष्ट होते. म्हणून असे नमुने निरीक्षणापूर्वी अंधारात ठेवावेत, असा माझा आग्रह असतो.