घोडीचे पाय

"वाजवशील ना बाळा? भिंतीवर टांगायला नेत असशील तर नको." वांद्र्याच्या रणवारमधल्या आंटींनी किमतीच्या आधी हे विचारलं. त्यांच्या यजमानांची जर्मन बनावटीची आर्चटॉप, म्हणजे फुगीर पाटाची गिटार कितीतरी वर्षं कपाटावर पडून होती. वाजवीन, म्हटलं आणि खिशातला टॉर्च काढला.

आर्चटॉप घेताना मी आधी एफ-होलची, म्हणजे पाटावरच्या f आकाराच्या छिद्राची कड बघतो. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर पाट अखंड लाकडातून कोरलेला; पावासारखे थर दिसले तर प्लाय. प्लाय म्हणजे वाईट, असं मात्र नाही. गिब्सन कंपनीची १९४९ची ईएस-१७५ गिटार प्लायचीच आहे आणि जॅझवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. ही मात्र कोरलेली निघाली, स्प्रूस लाकडाची. मग एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मान सरळ होती. मान वर उचलली गेली असती तर मी हात जोडून परत आलो असतो, कारण ती सोडवून पुन्हा बसवण्याचा खर्च गिटारच्या किमतीला भिडतो.

दोष घोडीत होता, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी आधारात. तिच्या पायाखालून पोस्टकार्ड आरपार जात होतं.

आमच्याकडे आजोबांचा मिरजेचा तंबोरा आहे. त्याची जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घडण, घोडीच्या माथ्यावर असते, वडील तारेखाली दोरा सरकवत तासन् तास बसायचे. आर्चटॉपचं सगळं घोडीच्या पायात असतं. ही घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबावर उभी असते. ऑर्व्हिल गिब्सनने अमेरिकेतल्या कॅलामाझूमध्ये व्हायोलिनसारखा फुगीर पाट कोरायला घेतला तेव्हापासून हा पेच आहे: पाट गोलाईचा, आणि पाय त्या गोलाईला केसाइतकीही फट न सोडता बसला पाहिजे. फट राहिली की आवाज तिथेच मरतो.

गिरगावात घरी आल्यावर चार संध्याकाळी हेच केलं. घोडीच्या जागी पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर. जुन्या लॅकरवर चिकटपट्टी लावली तर पापुद्रा निघतो, म्हणून बहिणीने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. मी घोडीचा खालचा भाग तारांच्या दिशेने पुढेमागे घासत होतो, अगदी उभा धरून. हात जरा कलला की पाय गोल होतात आणि मेहनत पाण्यात. आधी १२० नंबर, मग २४०. मध्येच पाटावर खडूची पूड चोळून घोडी टेकवायची. काळ्या आबनुसावर पांढरं उमटलं तेवढंच टेकतंय. पहिल्या दिवशी फक्त दोन टोकं पांढरी झाली. चौथ्या दिवशी दोन्ही पाय पूर्ण. तारा चढवल्या, आणि जाड तारेचा आवाज मांडीत जाणवला!

काल आंटींना ऐकवायला गेलो. डोळे मिटून ऐकलं त्यांनी.

"खाली बरोबर आहे. वरचे सूर चढे लागतात."

खरंच होतं. बाराव्या फ्रेटवर (पडद्यावर) दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा, चढा येत होता. तिथेच तारा जरा सैल केल्या आणि घोडी किंचित मागे, टेलपीसकडे, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या टोकाकडे सरकवली.

"आता वाजव," आंटी म्हणाल्या.