सत्त्याण्णव पौंड, पाच पेन्स

इंग्लंडमधल्या एका शहरात लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या केंद्रात मी आठवड्यातून तीन दिवस काम करते. गेलेल्या नोकऱ्या, थकलेली भाडी आणि कर्जाची पत्रे हा तिथला रोजचा रतीब. ऑक्टोबर २०२५ मधल्या एका मंगळवारी समोर आलेली बाई मराठी बोलणारी निघाली, तेव्हा आज दुभाष्याविना काम होणार म्हणून मला हायसे वाटले. ते फार वेळ टिकले नाही. खुर्चीत बसल्याबसल्या तिने विचारले, "मॅडम, मी आपणहून कबूल केलं तर व्हिसा वाचेल का?"

कुशल कामगाराच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याबरोबर ती इथे आली होती आणि चार वर्षे एका गोदामात माल तपासत होती. उन्हाळ्यात गोदामाने एक पाळीच बंद केली. नोकरी दोन वर्षांहून जास्त झालेली असल्यामुळे कायद्याप्रमाणे रिडन्डन्सीची, म्हणजे कामच उरले नाही म्हणून नोकरी गेल्याच्या भरपाईची, रक्कम मिळाली, शिवाय नोटिशीऐवजी चार आठवड्यांचा पगार मिळाला. ते चार आठवडे सरल्यावर तिला 'न्यू स्टाईल' जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे काम शोधणाऱ्या बेरोजगाराला मिळणारा सरकारी भत्ता, सुरू झाला, आठवड्याला ९२.०५ पौंड. (नोटिशीऐवजी मिळालेल्या पगारामुळे हा भत्ता पुढे ढकलला जातो, रिडन्डन्सीच्या रकमेमुळे मात्र काही बिघडत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण ते पैसे खाऊन संपेपर्यंत अर्जच करत नाहीत.) पुढे सप्टेंबरच्या उत्तरार्धात एका एजन्सीमार्फत तिला शाळेच्या स्वयंपाकघरात आठवड्याला सहा तासांचे काम मिळाले, आणि ते तिने तीन आठवडे जॉबसेंटरला, म्हणजे हा भत्ता सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवलेच नव्हते.

न कळवण्यामागे लबाडी नव्हती, भीती होती. ओळखीतल्या दोघांनी तिला बजावले होते की व्हिसावरच्या माणसाने भत्ता घेणे हाच गुन्हा, आणि वर काम केले तर विचारूच नकोस. यातले पहिले वाक्य साफ चुकीचे होते. तिच्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत न घेण्याची अट होती हे खरे, आणि म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट ही कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत तिला मिळणार नव्हती. परंतु हा भत्ता मागच्या दोन-तीन वर्षांत भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याच्या, वर्गणीवर मिळतो आणि त्या अटीतल्या 'सार्वजनिक निधी'त तो मोडत नाही. व्हिसाविषयी सल्ला देण्यासाठी इथे नोंदणी लागते, ती माझ्याकडे नाही. म्हणून शेजारच्या खोलीतल्या नोंदणीकृत सहकाऱ्याला बोलावून तिची सगळी हकिकत ऐकवली आणि हे त्याच्याच तोंडून तिला ऐकवले. त्यानंतर ती प्रथमच पाणी प्यायली.

मग तिने पिशवीतून एक छोटी वही काढली. दर आठवड्याचे तास, १२.२१ पौंडांचा दर, हातात पडलेले ७३.२६ पौंड, सारे निळ्या शाईत नीट मांडलेले होते, आणि प्रत्येक शुक्रवारपुढे लाल शाईत एकच शब्द होता: 'सांगायचं?' असे तीन शुक्रवार होते. दडवणारा माणूस इतकी स्वच्छ नोंद ठेवत नाही, असे मी मनाशी म्हटले, आणि जॉबसेंटरला फोन लावला.

फोन लागेपर्यंत आम्ही तिच्याच वहीत हिशेब केला. आठवड्याला सरासरी सोळा तासांपेक्षा कमी काम असेल तर भत्त्याचा हक्क जात नाही. कमाईतले पहिले ५ पौंड सोडून देतात आणि उरलेली प्रत्येक पेनी भत्त्यातून वजा करतात. म्हणजे सहा तासांवर ६८.२६ पौंड वजा होऊन भत्ता उरतो २३.७९ पौंड. तीन आठवड्यांचे जास्तीचे आलेले पैसे झाले २०४.७८ पौंड. ते परत द्यावे लागणार होते, आणि वेळेवर न कळवल्याबद्दल ५० पौंडांचा दंडही होऊ शकत होता. हे मी तिला आधीच सांगून टाकले.

तेवढ्यात तिने विचारले की एजन्सी आठ तास देते आहे, ते घेऊ का. मी आकडे मांडले आणि माझाच हात थांबला. ही वजावट मी कित्येकदा केली आहे, पण सगळे तास एकाखाली एक कधी लिहिले नव्हते. एक तास काम करा, सहा करा नाहीतर सात करा. पगार आणि भत्ता मिळून हातात येतात ९७.०५ पौंडच. आठव्या तासाला भत्ता शून्य होतो आणि पगार होतो ९७.६८ पौंड. दोन तास जास्त भांडी घासायची ती ६३ पेन्ससाठी. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये निदान जास्तीच्या पौंडातले ५५ पेन्स कापून ४५ तरी हातात राहतात. सोळा तासांची मुभा सगळे सांगतात, पण किमान वेतनावर आठव्या तासालाच पैसे आटतात हे कोणी सांगत नाही. मीही सांगत नव्हते.

"मग बसून राहणंच बरं की," ती म्हणाली. तसेही नव्हते. भत्ता फार तर १८२ दिवस मिळतो, आणि जॉबसेंटरमध्ये हजेरी चालू असेपर्यंत नॅशनल इन्शुरन्सची नोंदही चालू राहते. इथल्या सरकारी पेन्शनसाठी अशी किमान दहा वर्षे लागतात. त्या वर्षी स्वतःच्या पगारावर ती नोंद व्हायची तर आठवड्याला १२५ पौंड तरी मिळायला हवे होते, म्हणजे अकरा तास. तिने वहीत ११ लिहून त्याभोवती गोल केला. चाळीस मिनिटांनी फोनवर माणूस आला, आणि तीनही शुक्रवार तिने स्वतः, इंग्रजीतून, न अडखळता सांगितले.

नोव्हेंबरमध्ये पत्र आले, २०४.७८ पौंडांचे. दंड नव्हता. एजन्सीने मात्र तिला अकरा तास दिले नाहीत, दहा दिले: १२२.१० पौंड. १२५ला २.९० पौंड कमी. त्यामुळे एक पैसाही मिळत नसताना, केवळ त्या नोंदीसाठी, दर पंधरवड्याला ती अजून जॉबसेंटरमध्ये हजेरी लावते.