कार्ट्रिज पूर्ण रिकामं होण्याआधी

आईची नजर कमी होत गेली, तशी मी तिला वाचायचं सगळं मोठ्या टाइपात छापून द्यायला लागले. 24 पॉइंट, ठळक अक्षर, दोन ओळींत भरपूर मोकळी जागा. दोन पानांचा लेख असा छापला की दहा पानं होतात. आई ती पानं मांडीवर घेऊन तासन्तास वाचत बसते, त्यामुळे छापणं वाढतच गेलं आणि माझ्या इंकजेट प्रिंटरचं काळं कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, महिन्याभरात संपायला लागलं. खोक्यावर पानांचा जो आकडा असतो, त्यामागे साधारणपणे पानाचा पाच टक्क्यांच्या आसपास भाग शाईने भरलेला धरतात. आईचं पान त्याच्या कितीतरी पट काळं असतं. खर्च वहीत मांडून बघितला आणि रिफिल शिकायचं ठरवलं.

पहिल्या खेपेला शाई भरताना माझी काहीच चूक झाली नव्हती. चूक त्याच्या बरीच आधी झाली होती. छपाईत पांढरे पट्टे दिसू लागल्यावरही मी चार दिवस छापत राहिले, शेवटचा थेंब वसूल करायचा म्हणून. मग कार्ट्रिज काढून कपाटात ठेवलं. शाईची बाटली आणि सिरिंज हाती येईपर्यंत तीन आठवडे गेले. शाई नीट भरली, सांडली नाही, तरी छापलेल्या अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा जातच होत्या. हेड क्लीनिंग, म्हणजे शाई जोरात सोडून छपाईचं तोंड साफ करायची प्रिंटरमधली सोय, तीन वेळा चालवलं, नोझल, म्हणजे शाई उडवणारी बारीक छिद्रं असलेली बाजू, कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या कापडावर टेकवून ठेवली, काही उपयोग झाला नाही. ते कार्ट्रिज गेलं ते गेलंच.

असं का होतं हे समजून घेतलं आणि पुढचं सगळं सोपं झालं. माझ्या प्रिंटरमध्ये छपाईचं हेड कार्ट्रिजवरच असतं. नोझलच्या मागे अतिसूक्ष्म हीटर असतात. ते काही मायक्रोसेकंदांत शाईचा पातळ थर तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब कागदावर ढकलतो. हीटरला थंड ठेवायचं कामही ती शाईच करते. शाई नसताना छापत राहिलं तर हीटर कोरडा तापतो आणि जळतो. त्यातून ते वाचलेच, तरी हवेत उघड्या राहिलेल्या नोझलमध्ये उरलेली शाई वाळून बसते. मी दोन्ही केलं होतं. तेव्हापासून माझा नियम एकच: पान फिकट दिसायच्या आधी भरायचं.

आता पान फिकट व्हायच्या आधी कसं कळणार? स्क्रीनवरचा शाईचा आकडा हा बऱ्याच प्रिंटरांत नुसता हिशेब असतो. किती थेंब उडवले ते मोजून तो सांगतो, आत खरी किती शाई आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून मी छोटा वजनकाटा वापरते. नवं कार्ट्रिज आणलं की आधी वजन करून वहीत लिहायचं. माझ्या काळ्या कार्ट्रिजमध्ये सुमारे 5 मिलि शाई असते आणि शाईत बहुतेक पाणीच असल्यामुळे 1 मिलि म्हणजे जवळजवळ 1 ग्रॅम. वजन तीन-साडेतीन ग्रॅमने उतरलं की भरायची वेळ झाली. आठवड्यातून एकदा काट्यावर ठेवायचं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला सगळं सावकाश केलं. टेबलावर वर्तमानपत्राचे चार थर, त्यावर टिशू पेपर, हातात मोजे. लेबल कोपऱ्यातून हलकेच सोललं, तर खाली बारीक छिद्रं आणि त्यांना जोडणाऱ्या नागमोडी खाचा दिसल्या. आत हवा जायची ती वाट. शाई बाहेर पडते तशी तिच्या जागी हवा यावी लागते, नाहीतर शाई अडते. म्हणून ते लेबल फाडून टाकायचं नाही, भरून झाल्यावर तेच परत लावायचं. वरून चिकटपट्टी घट्ट मारली तर वाट बंद होते.

आत स्पंज असतो. सुई छिद्रातून सरळ खाली घातली, स्पंजमध्ये बरीच आत, पण तळाला टेकवली नाही, कारण तिथे शाई गाळणारी जाळी असते. मग सिरिंजचा दट्ट्या इतका हळू दाबला की एक मिलि जायला मिनिटभर लागावं. घाई केली तर स्पंजमध्ये हवेचे कप्पे राहतात, आणि तशा कार्ट्रिजने दहा-बारा पानं छान छापल्यावर अचानक शाई थांबते. तीन मिलि गेल्यावर छिद्राच्या तोंडाशी काळी चकाकी दिसली. तिथेच थांबले आणि अर्धा मिलि परत ओढून घेतली. काठोकाठ भरायचा मोह आवरावा लागतो. स्पंज शाई धरून ठेवतो म्हणून ती खाली गळत नाही. तो चिंब झाला की धरणार कोण? नव्याच्या वजनापेक्षा एक ग्रॅम कमी, ही माझी हद्द.

मग नोझलची बाजू टिशूवर अलगद टेकवली. घासायची नाही, नुसती टेकवायची. पहिला ठसा पसरट, दुसरा जरा बरा, चौथ्याला एक नीट, अरुंद, कडा स्वच्छ असलेली काळी पट्टी उमटली. ती पट्टी बघितली की कळतं, सगळ्या नोझलांपर्यंत शाई पोचली. तांब्याच्या रंगाचे विजेचे ठिपके किंचित ओल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसले आणि दोन तास तसंच ठेवून मग प्रिंटरमध्ये बसवलं. नोझल चेकमध्ये, म्हणजे प्रिंटर तपासणीसाठी बारीक रेघांचं पान छापतो त्यात, एकही रेघ तुटलेली नव्हती. त्या दिवशी आईला तीस पानं छापून दिली.

रंगीत कार्ट्रिज मात्र वेगळं प्रकरण आहे. आत तीन कप्पे असतात, निळसर, गुलाबीसर आणि पिवळा, म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो. कुठलं छिद्र कोणत्या कप्प्याचं ते अंदाजाने ठरवू नका. प्रत्येक छिद्रात वेगळी टूथपिक घालून पांढऱ्या कागदावर टेकवली की रंग कळतो. प्रत्येक रंगाला सिरिंजही वेगळी हवी. मी मॅजेंटा थोडा जास्त घातला, तो शेजारच्या कप्प्यात गेला आणि पिवळा नारिंगी झाला. टिशूवर टेकवून बरंच टिपलं आणि नुसत्या पिवळ्या रंगाची चार पानं छापली, तेव्हा ठिकाणावर आलं. प्रत्येक कप्प्यात फार तर दीड-दोन मिलि मावते, हे लक्षात ठेवून आता भरते.

शाई घेताना आणखी एक पाहायचं. काळी शाई बऱ्याच प्रिंटरांत पिगमेंटची असते, म्हणजे रंगाचे कण पाण्यात तरंगत असतात. रंगीत शाई सहसा डाय, म्हणजे पूर्ण विरघळलेली. एकीच्या जागी दुसरी भरली तर शाई आतच गुठळून नोझल बंद होऊ शकते. बाटलीवर आपल्या कार्ट्रिजचा क्रमांक दिसल्याशिवाय मी घेत नाही. 100 मिलिची बाटली मला नव्या कार्ट्रिजपेक्षा कमी किमतीत मिळाली आणि तिच्यात पंचवीस-तीस खेपा भरून होतात.

भरल्यावरही प्रिंटर ‘शाई संपली’ म्हणत राहतो, कारण त्याचा हिशेब जुनाच चालू असतो. माझा प्रिंटर ओके दाबलं की पुढे जातो. कॅननच्या पिक्स्मा मालिकेतल्या बऱ्याच प्रिंटरांवर स्टॉपचं बटण पाच सेकंद किंवा जास्त दाबून धरलं की शाई मोजणं बंद होतं. काही प्रिंटर चिपमुळे भरलेलं कार्ट्रिज घेतच नाहीत, तेव्हा बाटली घ्यायच्या आधी आपल्या मॉडेलचं तपासा. आणि एप्सनसारख्या प्रिंटरांत हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं. तिथे चुकीची शाई गेली तर कार्ट्रिज नव्हे, अख्खा प्रिंटर अडकतो.

शाई वाचवायची तर छपाईतही लक्ष द्यावं लागतं. मी साध्या मजकुरासाठी ड्राफ्ट (कमी शाईची छपाई) आणि ग्रेस्केल (रंगांऐवजी काळ्या-करड्या छटा) निवडते. ठळक अक्षर काढून साधं पण मोठं ठेवलं, तर आईला तितकंच स्पष्ट दिसतं, हे तिनेच दोन पानं शेजारी ठेवून सांगितलं. हेड क्लीनिंग लागेल तेव्हाच करते, त्यात चांगली शाई आतल्या पॅडवर ओतली जाते. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करायचा, म्हणजे नोझलवर झाकण बसतं. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला तर नोझल उघडी राहू शकते. आणि दर आठवड्याला एक तरी पान, रंगांसकट.

सध्याच्या काळ्या कार्ट्रिजच्या बाजूला कागदी पट्टी चिकटवलीय, तिच्यावर सहा तारखा आणि सहा वजनं आहेत. सहाव्यांदा भरल्यावर नोझल चेकमध्ये दोन बारीक रेघा गायब दिसल्या. हीटर झिजत जातात, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. आईच्या मोठ्या अक्षरांत ते अजून जाणवत नाही, त्यामुळे हे कार्ट्रिज तिच्या पानांसाठी चालू आहे. नवं आणून ठेवलंय, आणि त्याचं वजन वहीत लिहून झालंय.