मागचा बोळ

२०१७ साली स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर आला, तेव्हा पेढे वाटणारे आम्हीच. वाड्यामागचा बोळ मात्र तसाच! आज अखेर बारा जण खराटे घेऊन उतरलो. तुटका पाळणा निघाला, गंजके डबे निघाले, आणि खाली चक्क अख्खी शिलाई मशीन. पायडल अजून फिरतंय. ‘ती आमची नव्हेच’ असं शपथेवर सांगणारे काका तिला तेल घालायला मात्र सर्वांत आधी धावले. (आम्ही काही बोललो नाही.) शेजारच्या भाभींनी पोहे आणले, वर सेव आणि जीरावन मसाला. दुपारी चुना मारला, पण तो कमी पडला. शेवटच्या घराची भिंत अर्धीच पांढरी झालीय आणि काकू रुसल्यात. उद्या ऑफिसातून आल्यावर ब्रश घेऊन जावंच लागणार.