चाळीस गुंठ्यांतली दुडकी

आमच्या बेळगाव भागाला घोडा नवा नाही. आषाढी वारीत माउलींच्या पालखीपुढं चालणारे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात. रायबाग-अथणीकडच्या जत्रांत घोडागाडीच्या शर्यती लागतात, आणि एका बाजूला घोडा नि दुसऱ्या बाजूला बैल जुंपून गाडी पळवणारे बहाद्दरही इकडंच भेटतात. एवढं असून कुणी म्हणालं, की मला नुसतं बसून फिरायला एक घोडी पाळायची आहे आणि रान आहे एकरभर, तर पारावरचा प्रश्न ठरलेला: "एकरात घोडं? पळणार कुठं ते, तुझ्या डोक्यावर?"

घोडी ठेवून आहे म्हणून सांगतो, या प्रश्नातच खोट आहे. तो रानाचं क्षेत्र विचारतो. स्वारीला क्षेत्र लागत नाही, लांबी लागते. आणि लांबी तर आमच्या वाटण्यांनी आम्हाला भरभरून दिली आहे.

एकर म्हणजे 40 गुंठे, 4047 चौरस मीटर. तो चौकोनी असता तर एक बाजू 63-64 मीटर भरली असती आणि कडेकडेनं एक फेरा जेमतेम 250 मीटरचा झाला असता. पण चौकोनी एकर असतो कुणाकडं? आजोबांचं रान चुलत्यांत, चुलत्यांचं आमच्यात. वरच्या अंगाला प्रत्येकाला रस्ता हवा, खालच्या अंगाला प्रत्येकाला ओढा हवा. मग काय, रानाच्या उभ्या चिंध्या. आरटीसीवर, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, एक एकर, प्रत्यक्षात 20 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब पट्टी. ट्रॅक्टर वळवायचा तर त्याचं तोंड शेजाऱ्याच्या उसात. अशा पट्टीला शेतकरी शिव्या देतो आणि स्वार मात्र खूश होतो, कारण तिच्या कडेकडेनं वाट काढली की फेरा 400 मीटरच्या वर जातो. म्हणजे धावपटूंच्या मैदानावरच्या फेऱ्यापेक्षा काकणभर जास्तच. लांब बाजूवर घोडी दुडकीतून चौखूर उधळायला निघते, तिला शेवटच्या तीस-चाळीस मीटरांत आवरायचं, टोकाला चालीवर आणून वळवायचं. आवरणं जमलं की स्वारी जमली, असं जुने स्वार सांगतात ते खोटं नाही.

ही कडेची वाट तीन मीटर रुंद पुरते. दोन बांधांना धरून दोन वाटा नि मधे गवत. वैरण एका टोकाला टाकायची, पाण्याचं टाकं दुसऱ्या टोकाला. मिठाचा खडा मधल्या आंब्याला. घोड्याला दिवसाकाठी 25 ते 40 लिटर पाणी लागतं, आणि मिळालं तर तो दिवसाचे चौदा-सोळा तास तोंड हलवत राहतो. म्हणजे तुम्ही बेळगावात कामाला गेलात तरी जनावर आपल्या पायांनी फेऱ्या घालत असतं. पागेत आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर, लावून दिवसभर उभा ठेवलेला घोडा संध्याकाळी खोगीर बघताच जो अंगात आल्यासारखा करतो, तो प्रकार इथं निम्म्यानं कमी होतो.

घोडी शिकवायच्या रिंगणाला जागा किती लागते? 20 मीटर बाय 40 मीटर, म्हणजे फक्त आठ गुंठे. पट्टीच्या खालच्या टोकाला रुंदी नेमकी तेवढीच आहे, देवानं मोजून दिल्यासारखी. लांब दोरावर घोडी फिरवायची, आठाचे आकडे काढायचे, रिकिबीतला पाय सुधारायचा, हे सगळं त्या आठ गुंठ्यांत होतं. वारीतला अश्वही गोल रिंगणात धावतो आणि त्याला पाहायला लाखभर माणूस ताटकळतं. तिथं कुणी विचारत नाही की जागा एवढीच का!

खरी अडचण जागेची नाही, जूनची. बेळगावची झड एकदा धरली की चारशे किलोचं जनावर चार खुरांवर गवताचा दोन दिवसांत राबडा करतं, आणि तुडवलेलं गवत त्या मोसमात पुन्हा वर येत नाही. म्हणून फाटकाजवळ दोनेक गुंठे बळी द्यायचे. वरची काळी माती उचलून बाजूला, खाली दगडगोटे, त्यावर खानापूरकडचा तांबडा मुरूम वीतभर, आणि पाणी ओढ्याकडं जाईल असा उतार. पावसात घोडी तिथंच. खूर कोरडे राहिले नाहीत तर तळव्यातली मऊ जागा सडते, वास सुटतो आणि नालबंद येऊन आपल्यालाच चार शब्द सुनावतो. पंधरा दिवस फाटक बंद ठेवायला जीव तुटतो हे खरं, पण हिरवं दिसतंय म्हणून जनावर सोडायचं नाही.

वैरणीचं गणित आधीच मान्य करून टाकावं: एकरभर रान घोड्याला वर्षभर पोसत नाही. चारशे किलोच्या घोडीला रोज आठेक किलो कोरडी वैरण, वर्षाला तीन टन. ती बाहेरूनच येणार. अथणी भागातला कडबा चांगला. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, आमच्याकडं गळिताच्या दिवसांत उकिरड्यासारखं पडलेलं असतं, म्हणून लोक तेच ढकलतात. पण त्यातला एक घटक हाडांतला चुना पळवतो, आणि नेपिअर गवताचंही तेच. अधूनमधून चालेल, रोजचं नको. कोवळ्या हिरव्या ज्वारीकडं तर फिरकूही देऊ नये. बांधावर सुबाभूळ असेल तर घोडीची आयाळ बघत राहा. तिनं पाला खाल्ला असेल तर खरारा मारताना केसांचे झुपके हातात येतात, शेपूट केरसुणीच्या बुडख्यासारखी उरते. कण्हेर दिसली तर विचार न करता मुळासकट काढायची, फुलं कितीही देवाला चालत असली तरी.

आणि काटेरी तार. ती आमच्या प्रत्येक बांधाला असते. बैलाला कळतं, म्हशीलाही कळतं. घोडा बिचकला की आधी पळतो, मग बघतो. रानडुकरांसाठी जे झटका मशीन लावतात त्यालाच रुंद पांढरी पट्टी जोडली तर त्याला ती लांबून दिसते.

मधल्या गवताचे चार तुकडे करून आलटून-पालटून चारावेत. चार बोटांच्या खाली गवत गेलं की पुढचा तुकडा. हरळी आपोआप येते, मारवेल लावली तर सोनंच. घोड्याची एक खोड: जिथं लीद टाकतो तिथलं गवत तोंडी लावत नाही. तिथं गुडघाभर रान माजतं आणि शेजारी टक्कल पडतं. त्यावर इलाज घरच्या गोठ्यातच असतो. घोडीच्या मागून म्हैस सोडायची. ती ते माजलेलं गवत जीभ गुंडाळून ओढते, तिला त्या लिदीचं सोयरसुतक नसतं. शिवाय घोड्याच्या पोटातले बहुतेक जंत म्हशीच्या पोटात जगत नाहीत, त्यामुळं एकाचा रोग दुसरं जनावर गिळून संपवतं. वर घोडीला सोबत मिळते, कारण एकटा घोडा म्हणजे किंकाळ्यांचा कारखाना. आमची म्हैस मात्र या मैत्रीबद्दल फार उत्साही दिसत नाही.

लीद वर्षाला सहा-सात टन निघते. त्यावर गावातल्या सगळ्यांचा डोळा. कडब्याच्या पेंड्या नि लिदीची ट्रॉली असा व्यवहार बसतो, रोख पैसे क्वचितच लागतात. भाताची कापणी झाली की मोकळ्या रानांतून फिरवायची परवानगीही याच व्यवहारात मिळते. पेरणी झाल्यावर मात्र बांध सोडून पाय टाकायचा नाही, ओळख कितीही असो.

परवा शेजारच्या पट्टीचा चुलतभाऊ बांधावर उभा राहून फेऱ्या बघत होता. म्हणाला, "दादा, काय करूलैस रे एवढ्याशात? मधला बांध काढू या. माझी पट्टी पडीकच आहे, दोन एकर झाले म्हणजे घोडीला ऐसपैस."

मी त्याला काठीनं मातीत आकृती काढून दाखवली. 20 बाय 200 च्या पट्टीचा वेढा 440 मीटर. दोन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडल्या, 40 बाय 200, तर वेढा 480. रान दुप्पट, वाट चाळीस मीटरनं जास्त. त्याची पट्टी माझ्या पट्टीच्या पुढं लांबीत असती तर वेढा 840 मीटर झाला असता, मग मी त्याच्या पाया पडलो असतो.

तो आकृतीकडं बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे माझं रान तुला नकोच म्हण की," तो म्हणाला.

"गवताला हवंय. खंड बोल."

"खंड नको. लीद दे. आणि बांध कोरू नकोस."


म्हटलं, कोरायला मला ट्रॅक्टर लागेल, आणि तो इथं वळतो कुठं?