तुम्ही विचारलेत म्हणून: भोपळ्यावरचे कलिंगड दुष्काळात तगते का?

डिसेंबर लागला की हा प्रश्न फोनवर येऊ लागतो आणि विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच ऐकायचे असते. माझी सोलापूर जिल्ह्यात रोपवाटिका आहे आणि दुधी भोपळ्याच्या खुंटावर बांधलेली, म्हणजे मूळ दुधीचे आणि वरचा वेल कलिंगडाचा अशी कलमी रोपे मी विकतो. 'हो' म्हणालो तर हा माल खपवतो आहे असे वाटते. 'नाही' म्हणालो तर 'मग विकता कशाला?' असा पुढचा प्रश्न तयारच असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कलमाने वेलाचे मूळ बदलते, विहिरीतले पाणी वाढत नाही. दुधीचे मूळ कलिंगडापेक्षा जोमदार असते आणि जमिनीत ओल असेल तर ते ती दूरवरून शोधून आणते. ओलच नसेल तर काय शोधणार? हे कलम जपानमध्ये 1920 च्या दशकात सुरू झाले तेही दुष्काळासाठी नव्हे, तर त्याच त्या रानात कलिंगड घेतल्याने येणाऱ्या मर रोगावर उपाय म्हणून. पाण्याच्या ताणाचे प्रयोग बरेच नंतरचे आहेत. इटलीतल्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संकरित भोपळ्यावरच्या कलमी वेलांनी सुमारे 60 टक्के जास्त उत्पादन दिले, हे मला अनेक जण मोबाइलवर दाखवतात. त्या प्रयोगात कलमी वेल पूर्ण पाण्यावरही पुढे होते आणि कमीत कमी पाणी म्हणजे गरजेच्या निम्मे होते, हे मात्र कोणी वाचलेले नसते. आमच्याकडे मार्चअखेर निम्मे पाणी म्हणजे चैन.

दुसरा युक्तिवाद द्राक्षाचा. 'डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कमी पाण्यात अख्खी बाग उभी राहते, मग कलिंगडाला भोपळा का नको?' युक्तिवाद चांगला आहे, मीही तो पूर्वी करीत असे. पण द्राक्षाचा खुंट वर्षानुवर्षे फळ देतो, त्यात घातलेला पैसा फिटतो. कलिंगडाचा वेल सत्तर-पंचाहत्तर दिवसांत उपटायचा असतो आणि कलमी रोपाची किंमत साध्या रोपाच्या कित्येक पट असते. ती किंमत उगाच नाही. दुधीच्या कोवळ्या रोपाचे एक बीजपत्र ठेवून दुसरे वाढीच्या डोळ्यासकट ब्लेडने तिरके कापायचे, त्या कापावर कलिंगडाचा तसाच तिरका कापलेला शेंडा टेकवून क्लिप लावायची, मग ट्रे दोन-तीन दिवस अंधाऱ्या, दमट, बंद खोलीत ठेवायचे. डोळ्याचा कणभर भाग राहिला तरी महिन्याभराने शेतात दुधी फुटलेली दिसते आणि शेतकरी मला फोटो पाठवतो.

आता ज्यामुळे हा प्रश्न मला नकोसा झाला ते सांगतो. 2023 च्या पावसाळ्याने पाठ फिरवली आणि सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला होता. माझ्या मावसभावाचे रान तिथेच, वीतभर मातीखाली मुरूम. त्याने जानेवारीअखेर एका बाजूला कलमी आणि एका बाजूला साधी रोपे लावली. ठिबक एकच, वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर एकच, विक्रीचा हिशोब रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांचा. मार्चमध्ये विहिरीने तळ दाखवला. भर दुपारी साधे वेल माना टाकायचे आणि कलमी वेल हिरवेगार उभे असायचे. भाऊ मला व्हिडिओ पाठवायचा, 'दादा, बघा तुमची रोपं.' मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. पण त्या हिरवेपणावर विसंबून त्याने पाण्याची पाळी लांबवली. साध्या बाजूची फळे लहान राहिली, तरी पिकली आणि ईदच्या आधी मिळेल त्या भावाने गेली. कलमी बाजूची फळे पोसायलाच उशीर झाला. ईद झाल्यावर व्यापारी आला, बांधावर बसून त्याने एक फळ फोडले, मग दुसरे, मग तिसरे: साल बोटभर जाड, आत गर फिका गुलाबी आणि कडक. चाकू पुसून तो काही न बोलता गाडीत जाऊन बसला. भावाने त्या फळांची रास शेळ्यांपुढे टाकली आणि वर्षभर माझ्या घराची पायरी चढला नाही.

पान बघून पाणी ठरवू नका, पेपरखालची माती मुठीत दाबून ठरवा, हे मी त्याला लागवडीच्या दिवशी सांगितले होते. तो म्हणतो, सांगितले नव्हते. त्या काळी मी सर्वांना सांगत असे की कलमी वेल उशिरा सुकतो, म्हणजे शेतकऱ्याला चार दिवस जास्त मिळतात. आज वाटते की कोमेजणारे पान हीच शेतकऱ्याला मिळणारी सूचना होती आणि तीच आपण पुढे ढकलली. पण मग पुन्हा मनात येते, त्या चार दिवसांत एखादा टँकर आला असता तर हीच गोष्ट मी कौतुकाने सांगितली असती. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात, जिथे ज्वारी साठलेल्या ओलीवर येते, तिथल्या काहींनी कलमी वेलावर चांगले कलिंगड काढले आहे. त्यांनी नत्र कमी दिले, वेल विरळ लावले आणि कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवला. तो गाडला गेला की कलिंगडाला स्वतःची मुळे फुटतात आणि कलमाचा पैसा वाया जातो.

मावसभाऊ यंदा पुन्हा आला आहे, कलमी रोपे मागतो आहे, कारण साध्या बाजूला आता मर रोग दिसू लागला. मी म्हणालो, पाव रानापुरतीच घे आणि त्या पट्ट्याला वेगळा व्हॉल्व्ह बसव. व्हॉल्व्हचा खर्च मी करावा असे त्याचे म्हणणे आहे, आणि आमची बोलणी सध्या तिथेच अडली आहेत.