कॉइल खराब होती

रविवार, रात्री उशिरा

गाडी, म्हणजे जुनी फियाट पद्मिनी, सुरू झाली. काल सकाळी हात घातला होता, आज दिवेलागणीला झाली. आता खरं तर पडल्या पडल्या झोप लागायला हवी. पण जेवताना आईनं विचारलं, "काय निघालं रे शेवटी?" आणि मी आमटीत भात कालवत म्हणालो, "कॉइल खराब होती."

कॉइल खराब नव्हती.

काल सेल्फ खणखणीत फिरत होता, म्हणजे बॅटरीत जीव होता, पण इंजिन काही पकडेना. चोक ओढून पाहिला, सोडून पाहिला. दहा मिनिटांत पार्किंगभर पेट्रोलचा वास, आणि त्यात खालच्या मजल्यावरच्या काकांचं "द्या आता म्युझियमला." पहिला संशय पेट्रोलवर. हल्ली त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि पद्मिनीच्या काळातल्या रबराला ते मानवत नाही. गेल्या वर्षी पंपाचा डायफ्रॅम असाच फुगला होता. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरली, हिला सेल्फ मारायला लावला. पेट्रोल मस्त पिचकारीसारखं आलं. ही म्हणाली, "झालं ना? मी भाजीला जाते," आणि गेली.

मग करंट, म्हणजे कॉइलकडून प्लगपर्यंत ठिणगी पोचते का ते. प्लग काढून वायरला लावला आणि इंजिनच्या अंगाला टेकवला. ठिणगी पडत होती, पण पिवळट, दमलेली. निळी हवी, टच्चकन आवाज करणारी. इथून पुढे मी जे केलं त्याला निदान म्हणत नाहीत. प्लग नवे टाकले. पावसाची ओल असेल म्हणून डेल्कोचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याचं, झाकण पुसायला घेतलं, तर चारही वायरी एकदम उपसल्या, आणि कुठली कुठे हेच विसरलो. एक-तीन-चार-दोन हा क्रम पुन्हा लावण्यात अर्धा तास गेला.

आई वरून गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "पॉइंट बघितलेस का? कंडेन्सर गेला असेल."

मी मान वर न करता म्हणालो, "आई, तुला यातलं काय कळतंय? आत जा, पाऊस येतोय."

पाऊस येत नव्हता.

आत गेली ती. काही बोलली नाही. मी रिक्षा करून नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, कॉइल मागितली. काउंटरवरचं पोर माझ्या निम्म्या वयाचंही नसेल, त्यानं विचारलं, "फियाट का? मग कंडेन्सर पण घेऊन जा, साहेब. बहुतेक तोच असणार." मी लगेच म्हणालो, "हो हो, द्या."

हेच ते. हेच दोन दिवस पोटात ढवळतंय. तेच वाक्य, तोच कंडेन्सर. मिसरूड न फुटलेल्या पोरानं सांगितलं तर हो हो, द्या.

आणि एवढं होऊनही काल मी आधी कॉइलच बसवली. का, ते मलाही माहीत आहे, पण ते राहू दे.

आज दुपारी डेल्कोचं झाकण उघडून पॉइंट, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे धातूचे दोन तुकडे, नीट पाहिले. एकावर बारीक खड्डा पडलेला, समोरच्यावर तेवढाच उंचवटा, दोन्ही जळून निळे-काळे. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगपर्यंत जाणारे हजारो व्होल्ट तयार होतात. तुटण्याच्या क्षणी जो करंट पॉइंटमधूनच उडी मारायला बघतो, तो कंडेन्सरनं पोटात घ्यायचा. त्यानं काम सोडलं की ठिणगी जिथे नको तिथे, पॉइंटवरच पडत राहते आणि प्लगला उरते ती पिवळट. हे मला आज एवढं छान मांडता येतं. आईनं ते चार शब्दांत सांगितलं होतं.

तिला कसं माहीत, असं मी स्वतःला विचारलंसुद्धा! बाबा पॉइंट घासायचे तेव्हा टॉर्च कोण धरायचं? एकदा कोल्हापूरहून येताना खंबाटकीत गाडी बंद पडली होती, तेव्हा मी मागच्या सीटवर झोपलो होतो. ती गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल, बाबांनी अंधारात गाडी कशी चालू केली म्हणून. अंधारात म्हणे. अंधारात कोणाला पॉइंटची फट दिसते?

मला मात्र बाबांनी कधी बॉनेटखाली हात घालू दिला नाही. "कपडे खराब होतील." पंचावन्नाव्या वर्षी मोबाइलवर बघून डेल्को उघडणाऱ्या माणसाला थोडी सहानुभूती मिळायला हरकत नव्हती. मिळाली नाही. खालच्या काकांनी तर खुर्ची आणून टाकली होती, चहासकट.

पॉलिश पेपर घरात नव्हता. देवघरातली काडेपेटी उचलली आणि तिच्या गुल ओढायच्या बाजूनं पॉइंट घासले. हेही बाबांचंच, एवढं लांबून पाहिलेलं. फट लावली, अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी. अंगठ्याच्या पेराएवढा तो पत्र्याचा कंडेन्सर एका स्क्रूवर बसतो, दोन मिनिटांचं काम. अर्धा चोक, आणि दुसऱ्या सेल्फला लागली. काका टाळ्या वाजवून खुर्ची घेऊन गेले.

तर जेवताना मी "कॉइल" म्हणालो. आई म्हणाली, "कॉइल का. बरं," आणि मला आणखी भात वाढला.

आत्ता, लिहायला बसायच्या आधी, काडेपेटी जागेवर ठेवायला देवघरात गेलो. काळे ओरखडे पडून तिची एक बाजू पार सोलवटलेली, ती दिसू नये, मागे जावी म्हणून पेटी हातात फिरवत होतो. निरांजनाशेजारी नवी कोरी काडेपेटी होती. दिव्याच्या वेळी फोडलेली असणार, एकच काडी कमी होती.

जुनी पान्ह्यांच्या पिशवीत टाकली. चांगली कॉइलही तिथेच पडली आहे.